पावसाच्या पाण्याचं परमिट: या चुका टाळा, निदान दुसऱ्यांदा तरी करू नका

गेली चौदा वर्षं मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये स्टॉर्मवॉटरचं, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं, काम करतेय, आधी कन्सल्टंटकडे आणि आता एका छोट्या शहराच्या बाजूने. दर वर्षी आपल्याकडून एमएस करायला आलेली एक-दोन हुशार मुलं टीममध्ये येतात आणि त्याच त्या चुका करतात. हायड्रॉलिक्स त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, प्रश्न तो नाहीच. पण मुंबई-पुण्याहून आलं की डोक्यात पावसाचं पाणी म्हणजे तुंबलेलं पाणी असतं, हिंदमाता, २६ जुलै, २०१९ चा आंबिल ओढा, म्हणजे पाणी किती आणि ते लवकर घालवायचं कसं एवढाच हिशोब. इथलं परमिट, म्हणजे पावसाचं पाणी ओढ्या-नद्यांत सोडायला लागणारा सरकारी परवाना, विचारतं पाण्यात काय आहे ते.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती न वाचताच सगळे कामाला लागतात. क्लीन वॉटर ॲक्ट, म्हणजे इथला जलप्रदूषणाचा कायदा, १९७२ चा. १९८७ च्या दुरुस्तीत पावसाचं पाणी त्यात नीट घेतलं, १९९० च्या नियमाने लाखाच्या वर वस्तीची शहरं आली आणि १९९९ च्या नियमाने आमच्यासारखी छोटी. परमिट पाच वर्षांचं असतं. छोट्या शहरांना सहा कामं लावून दिलेली असतात, त्यातली लोकांना माहिती देणं वगैरे सगळ्यांना पाठ असतात, पण बेकायदा जोडण्या शोधणं आणि बांधकामाची माती अडवणं या दोन गोष्टींसाठी खुर्चीवरून उठावं लागतं म्हणून त्या मागे पडतात.

आणि हो, रस्त्याकडेच्या जाळीतलं पाणी ट्रीटमेंट प्लांटला जातं असं समजू नका. फिलाडेल्फिया, शिकागोसारख्या जुन्या शहरांत बऱ्याच भागात सांडपाणी आणि पाऊस एकाच पाइपात आहेत, तिथे ते जातं (जोराचा पाऊस आला की तिथेही नदीतच). आमच्याकडे लाइन वेगळी. जाळीत जे पडलं ते थेट ओढ्यात.

"पाणी स्वच्छ आहे, झऱ्याचं असेल"

ही माझी सगळ्यात नावडती चूक. तीन दिवस पाऊस नसताना आउटफॉल तपासायला जायचं असतं, म्हणजे पाइप ओढ्यात जिथे सुटतो तिथे, आणि तेव्हा पाणी वाहत असेल तर ते कुठून तरी येतंय हे उघड आहे. आमच्या एका मुलाने फॉर्मवर लिहिलं, पाणी स्वच्छ, वास नाही, भूजल असावं. फोटोही जोडला होता आणि फोटोत पाइपाच्या ओठाला करड्या रंगाची बुळबुळीत दाढी आलेली मला स्पष्ट दिसत होती. अशी दाढी झऱ्याच्या पाण्याला येत नाही बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेलो तर पाइप कोरडा. "ताई, म्हटलं होतं ना." मी काही बोलले नाही, पाइपाच्या तळाला प्लंबरच्या पुटीचा बोटभर उंच बांध घातला आणि निघून आले. एक दिवस मध्ये सोडून परत गेलो तर बांधामागे तळं साचलेलं आणि वर निळसर धाग्यांचा, कपड्याच्या लवेचा तवंग. पाणी तपासायच्या किटमध्ये डिटर्जंट भरपूर, फ्लोराइड नळाच्या पाण्याएवढं (इथे नळाच्या पाण्यात ते घालतात), अमोनिया मात्र जेमतेम. म्हणजे संडासाचं नाही, धुण्याचं. मग मॅनहोलमागून मॅनहोल वर चढत गेलो, जिथे फाटा फुटतो तिथे कुठली बाजू ओली ते बघायचं, बस एवढंच तंत्र आहे. सातवं मॅनहोल एका छोट्या शॉपिंग सेंटरच्या मागे निघालं, तिथे नवीन लाँड्री. नकाशावर हा फाटाच नव्हता. मशीनच्या ड्रेनमध्ये हिरवा डाय टाकला, पोराला खाली आउटफॉलला उभं केलं, अकरा मिनिटांनी त्याचा फोन आला, "ताई, हिरवं!" प्लंबरने नूतनीकरण करताना सांडपाण्याची लाइन लांब पडते म्हणून जवळच्या पावसाच्या पाइपाला जोडून टाकलं होतं, मालकाला पत्ताही नव्हता. जोडणी बदलायला तीन आठवडे लागले.

तेव्हापासून माझी सवय अशी की एकाच आउटफॉलला दोन वेगळ्या वेळी जायचं, आणि त्यातली एक वेळ रविवारची संध्याकाळ, कारण लोक कपडे तेव्हा धुतात. जानेवारीत पहाटे गेलात तर अजून सोपं, पाइपातून वाफ येत असेल तर आणखी काय पुरावा पाहिजे. आणि टेस्ट न करता "झरा" हा शब्द फॉर्मवर लिहायचा नाही, मी तो फॉर्म परत पाठवते.

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास नाही त्याला अजून एक कारण आहे. सिॲटलकडच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे, वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० मध्ये कळलं की टायरच्या रबरात घालतात त्या सिक्स-पीपीडी नावाच्या रसायनाची ओझोनशी प्रक्रिया होऊन जे तयार होतं ते रस्त्यावरून धुऊन ओढ्यात जातं. डोळ्याला काय दिसणार होतं तिथे?

रेन गार्डन आधी, बाकी साइट नंतर

एक एकर पार्किंगवर एक इंच पाऊस म्हणजे साधारण २७ हजार गॅलन, लाखभर लिटर, आपल्या दहा टँकरएवढं पाणी. ते मुरवायला रेन गार्डन करतात, वाळूचं मिश्रण, वर मल्च (लाकडाच्या सालींचं आच्छादन), झाडं. आणि घाईची मंडळी ते सगळ्यात आधी उरकतात कारण नर्सरीतून झाडं आलेली असतात आणि क्लायंटला फोटो पाहिजे असतो.

एका साइटवर एप्रिलमध्ये मी सांगत होते की वरचा उतार अजून उघडा आहे, गवत येऊ दे. कॉन्ट्रॅक्टर म्हणे, झाडं मरतील. लावली. जूनमध्ये एकच दणदणीत पाऊस झाला आणि वरची सगळी माती खाली येऊन बसली. पाचव्या दिवशीही पाणी उभं, डासांच्या अळ्या वळवळतायत. त्यावर त्याचा उपाय काय, तर नवीन मल्च टाकू. मी फावडं घेऊन खणलं तर वीतभर खाली करडा चिकट थर, मळून ठेवलेल्या कणकेसारखा, बोटाने दाबला तर ठसा उमटत होता. त्याच्यावर मल्च टाकून फक्त आपली चूक झाकली जाते. अडीच फूट सगळं भरण काढून नवीन टाकावं लागलं, आणि झाडं मेलीच शेवटी.

मी आता पहिल्याच दिवशी त्या जागेभोवती नारिंगी कुंपण घालायला लावते, आत मशीन तर सोडाच, कोणी डबा खायलाही बसायचं नाही, कारण चाकांनी दाबलेली जमीन पाणी पीत नाही. आणि पावसानंतर २४ आणि ४८ तासांनी स्वतः जाऊन बघते. दोन दिवसांनी पाणी दिसलं की खणते, वाट बघत नाही.

बाकीच्या पटापट

सिल्ट फेन्सचा, म्हणजे माती अडवायच्या कापडी कुंपणाचा, खालचा पदर सहा इंच चरात पुरायचा, नुसता दगड ठेवून भागत नाही. ओहळाच्या मध्ये ती आडवी लावू नका, वाहून जाते. आणि माती अर्ध्या उंचीपर्यंत येण्याच्या आत काढा.

काँक्रीट धुतलेलं पाणी मातीत "जिरू दे" म्हणणाऱ्याला एकदा पीएच मोजायला लावा, १२ च्या आसपास येतो.

पाव इंच पाऊस झाला की तपासणी असं परमिटमध्ये असेल तर साइटवर रेनगेज (पर्जन्यमापक) ठेवा, फोनमधलं हवामान ॲप विमानतळाचा पाऊस सांगतं.

२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोच्या केसमध्ये निकाल दिल्यापासून "आता परमिट सैल झालं" असं ऐकतेय. कोर्टाने एवढंच म्हटलं की नदीचं पाणी चांगलं राहिलं पाहिजे असा नुसता शेवटचा परिणाम शहराच्या माथी मारता येणार नाही, काय करायचं ते परमिटमध्ये लिहा. म्हणजे यादी वाढली तर वाढेलच.

लोकांच्या मीटिंगला तयारी न करता जाऊ नका. २०१२ च्या कायद्याने इथे स्टॉर्मवॉटर फी आली तेव्हा विरोधकांनी तिला "रेन टॅक्स" नाव ठेवलं आणि ते नाव असं चिकटलं की २०१५ मध्ये कायदा सैल करावा लागला. आजही कोणीतरी आजोबा उठून विचारतात, पावसावर टॅक्स का? उत्तर दोन वाक्यांत देता आलं पाहिजे.

आणि दुसऱ्यांच्या साइटवर नोटिसा लावण्याआधी स्वतःच्या शहराचं यार्ड बघा. मी पहिल्या वर्षी एका कॉन्ट्रॅक्टरला मातीच्या ढिगावर ताडपत्री नाही म्हणून झापलं होतं, त्याने शांतपणे माझा हात धरून कुंपणापलीकडे दाखवलं, आमचाच, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचा मिठाचा डोंगर उघडा पडलेला, आणि त्याच्या पायथ्याशी जाळी.