हिरवं दिसलं म्हणून खूश होऊ नका: प्रोटोकॉल व्हेरिफिकेशनमधल्या या चुका टाळा

व्हिजिटिंग स्टुडंट म्हणून दोन-तीन महिने बाहेरच्या प्रोटोकॉल व्हेरिफिकेशनच्या (दोन कॉम्प्युटरांचं गुप्त बोलणं सुरक्षित आहे का, हे गणितानं तपासणाऱ्या) लॅबला निघालेली आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं फोन करतात, दादा जायच्या आधी काय वाचू? वाचा की, पण आधी माझी चूक ऐका, तीन आठवडे गेलेत माझे त्यात.

टॅमरिनमध्ये, म्हणजे ही तपासणी आपोआप करणाऱ्या टूलमध्ये, एका प्रोटोकॉलचं मॉडेल लिहिलं, टिळकवाडीच्या खोलीवर रात्री रन केलं आणि चार सेकंदात सगळे लेमा (सिद्ध करायची विधानं) हिरवे, व्हेरिफाइड! एवढा आनंद झाला की तेवढ्या रात्री घरी फोन लावला. सकाळी सरांनी एकच विचारलं, हा प्रोटोकॉल एकदा तरी शेवटपर्यंत चालतो का रे? चालतच नव्हता. एका रूलमध्ये, म्हणजे प्रोटोकॉलच्या एका पायरीत, फॅक्टचं (पायऱ्या जोडणाऱ्या नोंदीचं) स्पेलिंग वेगळं पडलेलं, त्यामुळं ती पायरी कधी लागूच होत नव्हती, आणि दोघांचं बोलणंच पुरं होत नाही म्हटल्यावर गुपित फुटणार कुठनं? टूलनं वॉर्निंग दिलेली बगा, मी वाचली नव्हती. म्हणून पहिला लेमा एक्झिस्ट्स-ट्रेसचा लिहा, प्रोटोकॉल नीट पुरा होतो हे दाखवणारा. सिक्रसीचा, गुपित फुटत नाही हे सांगणारा, नंतर.

दुसरी चूक, हल्लेखोर फक्त बाहेरचा धरायचा. निडहॅम-श्रोडरचा पब्लिक-की प्रोटोकॉल (दोघांनी एकमेकांची ओळख पटवायचा; एखाद्याच्या कीनं मेसेज कुणीही बंद करावा, उघडणार फक्त तोच) १९७८ चा, त्यातला घोळ गॅव्हिन लो यांनी दाखवला १९९५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी. काय होतं, ए आणि बी प्रामाणिक, एम बेइमान मेंबर; ए स्वतःहून एमशी बोलायला लागतो, एम तोच मेसेज उघडून, बीच्या कीनं परत बंद करून एच्या नावानं बीकडं पाठवतो. बीचं उत्तर एच्या कीनं बंद, एमला उघडता येत नाही, तो ते तसंच एकडं सरकवतो, ए बिचारा उघडून आतला नंबर एमलाच परत देतो. संपलं, बीला वाटतं आपण एशीच बोलतोय. उपाय केवढा, तर दुसऱ्या मेसेजमध्ये बीचं नाव घालायचं! तेव्हा मॉडेलमध्ये बेइमान मेंबर ठेवाच.

प्रोव्हेरिफ हे असलंच दुसरं टूल वापरत असाल तर 'कॅनॉट बी प्रूव्ह्ड' आलं की अटॅक सापडला असं लिहून मोकळं होऊ नका. ते टूल हल्लेखोराला काय काय जमेल याचा अंदाज जरा मोठा धरतं, त्यामुळं कधी कधी नुसतं ठरवता आलं नाही एवढंच असतं. हल्ल्याचा ट्रेस (पायऱ्यांची यादी) निघाला तर हातानं तपासा.

टॅमरिन रात्रभर थांबतच नसेल तर आधी रॅम वाढवायला धावू नका, पार्शल डिकन्स्ट्रक्शन्स (मेसेजचा भाग कुठनं आला हे टूलला न उलगडलेल्या जागा) किती उरलेत बगा आणि सोर्सेस लेमा (तो कुठनं येऊ शकतो हे सांगणारा) लिहा.

आणि जे मॉडेलमध्ये नाही त्याबद्दल प्रूफ काहीच बोलत नाही. वायफायच्या हँडशेकची (जोडताना की ठरवायच्या बोलण्याची) प्रूफं आधीपासून होती, तरी २०१७ मध्ये क्रॅक नावाचा अटॅक निघालाच, कारण तीच की (किल्ली) परत इन्स्टॉल झाली तर काय, हे त्यांत धरलंच नव्हतं.

जायच्या आधी घरी बसून निडहॅम-श्रोडर स्वतः लिहा, लो यांचा अटॅक टूलकडनं काढून घ्या, मग बीचं नाव घालून परत चालवा. हे जमलं की लॅबला मेल टाका.