लंडन ते पॅरिस : अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

लंडन-पॅरिस हवाई अंतर सुमारे ३४५ किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८०० ते ९००, म्हणजे पंचवीस मिनिटांत पोहोचू, हा हिशेब सर्रास केला जातो आणि तिथेच गणित चुकतं. एवढ्या कमी अंतरात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडतं. बाकीचा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो. प्रत्यक्ष हवेतला वेळ पाऊण-एक तास. तिकिटावरची वेळ मात्र गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धावपट्टीपर्यंत जाण्यातच बरीच मिनिटं जातात, म्हणून वेळापत्रकात साधारण सव्वा तास किंवा थोडा जास्त दिसतो.

दुसरी चूक घड्याळाची. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनहून १०.०० ला निघालेलं विमान पॅरिसला १२.२० ला पोहोचतं असं छापलेलं असेल, तर प्रवास १ तास २० मिनिटांचाच. उलट दिशेला १०.०० ला निघून १०.२० ला पोहोचाल! मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडची घड्याळं एकाच क्षणी बदलतात, त्यामुळे हा फरक वर्षभर तसाच राहतो. भारताशी असलेला फरक मात्र बदलतो : लंडनशी हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. घरी फोन लावण्याची वेळ ठरवताना हे लक्षात ठेवा.

सर्वांत महागात पडते ती विमानतळाची चूक. शहराच्या नावाने शोधलं की स्वस्त तिकीट वर येतं आणि खाली बारीक अक्षरात ‘बोव्हे’ लिहिलेलं असतं. हा विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर उत्तरेला आहे. तिथून बसला सव्वा तास लागतो. शार्ल द गॉल शहरापासून जेमतेम २५ किलोमीटर, ओर्ली त्याहून जवळ. लंडनकडेही तेच : गॅटविक, ल्यूटन आणि स्टॅनस्टेड हीथ्रोपेक्षा बरेच लांब आहेत. भाड्यात वाचलेले पैसे बस-ट्रेनच्या तिकिटात जातात का, हे बुकिंगआधीच बघा.

मग घरापासून हॉटेलपर्यंतचा हिशेब मांडा. हीथ्रोला पोहोचायला पाऊण-एक तास, चेक-इन आणि सुरक्षेसाठी दोन तास, विमान सव्वा तास, पासपोर्ट आणि सामान पाऊण तास, शहरात जायला आणखी पाऊण तास. साडेपाच तास सहज होतात. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यु नोर्द स्टेशनला जाणारी युरोस्टार ट्रेन सुमारे सव्वादोन तास घेते. तासभर-दीड तास आधी जावं लागतं, पण फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच उरकते आणि उतरताच तुम्ही शहरात असता. या मार्गावर आम्ही आधी ट्रेनचंच भाडं बघायला सांगू. रस्त्याने अंतर साडेचारशे किलोमीटरच्या पुढे जातं, शिवाय इंग्लिश खाडी ओलांडायला फोकस्टोनहून शटल (मोटारी वाहून नेणारी ट्रेन) किंवा डोव्हरहून फेरी.

आणि व्हिसा. फ्रान्स शेंगेन या एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, ब्रिटन त्यात नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात. मुंबईहून पॅरिस, तिथून लंडन आणि परतीचं विमान पुन्हा पॅरिसहून असा बेत असेल, तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच मागा. सिंगल एन्ट्री पॅरिसमध्ये पहिल्यांदा उतरताच वापरली जाते, आणि लंडनहून परत फ्रान्समध्ये शिरता येत नाही.