नॉन-अल्कोहोलिक स्पार्कलिंग वाइन आणताय? या चुका टाळा

गेल्या थर्टीफर्स्टला आमच्या कोथरूडच्या घरी बारा माणसं होती आणि त्यात पिणारी जेमतेम तीन. बाकीच्यांच्या हातात नुसतं कोल्ड्रिंक नको, म्हणून मी नॉन-अल्कोहोलिक स्पार्कलिंगच्या, म्हणजे बिनदारूच्या फेसाळ वाइनच्या, दोन बाटल्या आणल्या. दोन्हींना सोनेरी कागद, दोन्हींचं बूच तारेत जखडलेलं, किमतीत मात्र तिपटीचा फरक. आत्याने स्वस्तातल्या बाटलीचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, हा द्राक्षाचा रस आहे, सोडा घातलेला!" अगदी बरोबर ओळखलं तिनं. मी बाटलीची फक्त पुढची बाजू वाचली होती.

बाटली न फिरवताच घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, कारण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे कधी आंबवलाच नाही असा द्राक्षाचा रस, त्यात गॅस भरलेला. दुसरी म्हणजे रीतसर वाइन करून मग तिच्यातलं अल्कोहोल काढून घेतलेली. हे अल्कोहोल उकळून उडवत नाहीत. तसं केलं तर वाइन शिजूनच जाईल. टाकीतला हवेचा दाब इतका उतरवतात की ते तीसेक अंशांवरच उडून जातं. काही ठिकाणी पडद्यातून गाळतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचंच तत्त्व. बुडबुडे सहसा त्यानंतर येतात, बाहेरून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. अस्सल शॅम्पेनची रीत, जी ऐंशीच्या दशकात आपल्या नारायणगावातही वापरली गेली, ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची. इथे तसं केलं तर काढलेलं अल्कोहोल पुन्हा तयार होईल.

रस म्हणजे हलका माल, असं मात्र समजू नका. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तर खास रसासाठी 'मांजरी मेडिका' हा गडद रंगाचा वाण काढला आहे. लहान मुलांना, गोड आवडणाऱ्या आजी-आजोबांना रसाचीच बाटली द्या. फक्त वाइनचे पैसे मोजून रस घरी आणू नका. घटकांच्या यादीत 'डीअल्कोहोलाइज्ड वाइन' दिसलं तर ती दुसरी जात. नुसता 'ग्रेप ज्यूस' आणि 'कार्बोनेटेड' दिसलं तर पहिली.

'नॉन-अल्कोहोलिक' म्हणजे शून्य, असं धरून चालणं

आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तर ते पेय मद्यात मोडतं. त्यामुळे '०.०' आणि '०.५ पेक्षा कमी' अशा दोन्ही बाटल्या दुकानाच्या एकाच कपाटात शेजारी-शेजारी असू शकतात. एरवी हा फरक जाणवणारही नाही. पण घरात कोणी गरोदर असेल, कोणी दारू सोडलेली असेल किंवा कोणाला ती धर्माने वर्ज्य असेल, तर तो आकडा वाचून मगच ग्लास पुढे करा. आणि दारू सोडलेल्या माणसाला नुसता वाससुद्धा त्रास देऊ शकतो. त्याला आधी विचारा, आग्रह तर करूच नका.

'ब्रुट' वाचून साखर नाही असं समजणं

खऱ्या स्पार्कलिंग वाइनमध्ये ब्रुट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. गंमत अशी की 'एक्स्ट्रा ड्राय' ही ब्रुटपेक्षा गोड असते. अल्कोहोलमुक्त बाटलीवर मात्र या शब्दांच्या भरवशावर राहू नका. अल्कोहोल गेलं की वाइनचं अंगच, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, जातं, उरतो पातळ, टोचणारा आंबटपणा, आणि तो झाकायला उत्पादक साखर घालतात. म्हणून मागच्या तक्त्यात १०० मिलीला साखर किती ते बघा. ४-५ ग्रॅम असेल तर जेवणाबरोबर चालेल. १५ ग्रॅम असेल तर दीडशे मिलीच्या एका ग्लासात बावीसेक ग्रॅम झाली, म्हणजे साडेचार चमचे. मधुमेह असलेल्या काकांना "घ्या हो, दारू नाही यात" म्हणताना हा हिशोब डोक्यात असू द्या.

बिनबुडबुड्यांच्या अल्कोहोलमुक्त वाइनपेक्षा मला ही फेसाळच पटते, तीही याच कारणाने: गेलेलं अंग गॅसचा चिमटा थोडंफार भरून काढतो.

जुनी ती चांगली

इथे नाही. ही बाटली ठेवून सुधारत नाही, नुसती म्हातारी होते. ताज्या तारखेची घ्या. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली तर नकोच, विशेषतः पारदर्शक काचेची. उजेडाने वास बिघडतो. मला एकदा अशीच मिळाली होती. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा दर्प आला आणि दुकानदार म्हणाला, "हिचा वास असाच असतो."

फ्रीझरमध्ये टाकून विसरणं

हा माझा पराक्रम. साधी वाइन उणे पाच-सहा अंशांपर्यंत तग धरते, कारण अल्कोहोल तिला गोठू देत नाही. हिच्यात तेच नाही, त्यामुळे ही जवळजवळ पाण्यासारखीच गोठते. काही तासांनी फ्रीझर उघडला तर बूच उडालेलं आणि मटारच्या पिशव्यांवर बर्फाचा गोळा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घालून मूठभर मीठ टाका, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. सहा ते आठ अंश पुरेत. त्याहून गार केली तर वास मरतो, कोमट झाली तर नुसता गोडवा वर येतो.

स्कूटरच्या डिकीतून गतिरोधकांवर आदळत आणली असेल, तर दोन तास फ्रीजमध्ये उभी राहू द्या. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवा, तोंड माणसांकडे नको. अल्कोहोल नसलं तरी आतल्या दाबाला ते माहीत नसतं.

फेस नाही म्हणून बाटलीला दोष देणं

आधी ग्लास बघा. साबणाचा अंश राहिला की फेस बसतो. गरम पाण्याने नुसतं धुऊन उपडं ठेवा. अरुंद तोंडाचा ग्लास असेल तर वासही टिकतो.

चव बघताना चहा, चिवडा, मस्तानी

तोंड आधी साध्या पाण्याने धुवा. दोन बाटल्या असतील तर कमी गोड आधी. उलट केलंत तर दुसरी निव्वळ आंबट लागेल. घोट गिळल्यावर पाच सेकंद थांबा. आंबटपणा जिभेच्या कडांना रेंगाळला तर बाटली बरी. उकडलेल्या मनुकांची चव मागे राहिली तर पुढच्या वेळी दुसरी आणा.

बरोबर खारट-तळलेलं हवं. आमच्याकडे अळूवडी पहिल्या फटक्यात संपली, बाकरवडीही छान जमली. पेढ्याबरोबर मात्र महागडी बाटलीसुद्धा लिंबूपाण्यासारखी लागली.

उरलेल्या बाटलीत चमचा उलटा टांगण्याचा उपाय मीही करून पाहिला आहे. गॅस व्हायचा तेवढा गेलाच. दाबून बसणारं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. आमची उरलेली पुचाट झाली, तेव्हा आत्याने ती पुदिना आणि लिंबू घालून फ्रूट सॅलडवर ओतली. म्हणाली, "आता कुठे पैसे वसूल झाले."