डाव संपल्यावर इंजिन कसं वापरायचं

मे 1997 मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं. 2006 मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमने तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिकला 4-2ने हरवलं, आणि माणूस वरचढ की यंत्र हा वाद तिथेच मिटला. आज फुकट मिळणारं स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, साध्या मोबाइलवरही जगातल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा सरस खेळतं. म्हणून बुद्धिबळ थांबलं नाही. एप्रिल 2025 मध्ये पुण्यातच महिलांची ग्रांप्री झाली, ती कोनेरू हंपीने जिंकली, आणि तिथे लोक बघायला आले ते माणसांचेच डाव. खेळणाऱ्याला मात्र आता एक नवं कौशल्य शिकावं लागतं. आपल्यापेक्षा कितीतरी वरचढ, पण कारण न सांगणाऱ्या गुरूकडून शिकायचं कसं, हे ते कौशल्य.

पुण्यात रविवारी स्पर्धा असली की हॉलबाहेर काय होतं ते बघा. मूल बाहेर येतं, बाबा स्कोअरशीट (डावाच्या खेळ्या लिहिलेला कागद) घेऊन त्या मोबाइलमध्ये भरतात आणि लगेच म्हणतात, "अरे, 23व्या खेळीला घोडा दिला असतास तर जिंकला होतास!" मुलाला उत्तर मिळालं. घोडा का द्यायचा, हे मात्र बाबांनाही माहीत नाही. पुढच्या रविवारी तशीच स्थिती पटावर आली तरी मुलाला ती ओळखता येणार नाही.

म्हणून इंजिन उघडण्याआधी अर्धा तास स्वतःसाठी ठेवा. प्रतिस्पर्धी तयार असेल तर त्याच्याबरोबर पटावर डाव पुन्हा लावा. त्याने काय पाहिलं होतं, हे इंजिन कधीच सांगू शकत नाही. मग स्कोअरशीटवर तीन जागांवर खूण करा: जिथे सगळ्यात जास्त वेळ गेला, जिथे समोरच्या खेळीने दचकायला झालं, आणि जिथून डाव फिरला असं वाटतं. खेळताना दर चार-पाच खेळ्यांनी उरलेला वेळ खेळीशेजारी लिहायची सवय असेल तर पहिली जागा लगेच सापडते. प्रत्येक जागी आपला अंदाज आणि आपण पाहिलेली लाइन, म्हणजे पुढच्या खेळ्यांची साखळी, लिहून ठेवा. पेनने लिहा, कारण इंजिन पाहिल्यावर "हे मला दिसलंच होतं" असं वाटायला लागतं.

आता इंजिन लावा. एका लाइनऐवजी तीन लाइन दिसतील असं सेटिंग करा. डेप्थ, म्हणजे इंजिन किती खोलवर पाहतं तो आकडा, बावीस-चोविसापर्यंत जाऊ द्या. कोण किती वरचढ आहे हे सांगणारा पहिल्या दोन सेकंदांचा आकडा बऱ्याचदा फिरतो. मोबाइल तापला की वेग पडतो, तेव्हा जमल्यास लॅपटॉप वापरा. आणि आकडा नीट वाचा: अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा. स्टॉकफिशच्या 15.1 आवृत्तीपासून +1.00 म्हणजे "एक प्यादं जास्त" असं राहिलेलं नाही. तोडीस तोड इंजिनांत ती स्थिती साधारण निम्म्या वेळा जिंकली जाते, असा त्याचा अर्थ आहे. सोळाशे रेटिंगच्या आतल्या खेळाडूने या आकड्यातल्या 0.50च्या फरकाकडे लक्षच देऊ नये.

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे 0.00. पहिली लाइन 0.00 आणि दुसरी थेट -3.00 असेल, तर पटावर बरोबरी आहे खरी, पण ती टिकवणारी खेळी एकच आहे. माणसासाठी ती बाजू अतिशय अवघड. तिन्ही लाइन 0.00 असतील तर मात्र खरोखर निवांत. एकच लाइन लावणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

मुख्य काम यापुढे आहे. इंजिनची खेळी पाहून पुढे जाऊ नका; आपली खेळी पटावर करा आणि ती कशी मोडली जाते ते इंजिनकडून काढून घ्या. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर कीबोर्डचं एक्स बटण दाबलं की समोरच्याची धमकी दिसते, ती आधी पाहा. मग कारण एका वाक्यात मराठीत लिहा, आकडा न वापरता: "माझा हत्ती मागची ओळ सोडून गेला, म्हणून राजा उघडा पडला." वाक्य जमत नसेल तर ते कळलेलं नाही, ती स्थिती प्रशिक्षकासमोर न्या.

पटावर सातपर्यंत मोहरे उरलेल्या शेवटांची तर टेबलबेसमध्ये, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या निकालांच्या साठ्यात, अंतिम उत्तरंच आहेत. पांढरा राजा ई4वर, प्यादं ई3वर, काळा राजा ई6वर. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. टेबलबेस एवढंच सांगतो. समोरासमोर उभ्या राजांपैकी ज्याला हलावं लागतं तो वाट सोडतो, हे ऑपोझिशनचं तत्त्व तुम्हालाच ओळखावं लागतं. ते एकदा कळलं की असे कितीतरी शेवट आपोआप सुटतात.

कारणं चॅटबॉटला विचारू नका. तो अगदी पटेल असं लिहितो, पण पटावर नसलेला उंटही चालवतो. डावानंतर अॅप दाखवतं त्या अचूकतेच्या टक्क्यावरही जाऊ नका. सरळसोट डावात तो सहज नव्वदीपार जातो. आणि ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, इंजिनच्या लाइन पाठ केल्या, तर समोरचा बाराव्या खेळीला वाट सोडतो आणि पुढचा प्लॅन तुमच्याकडे नसतो.

यंत्राकडून खरोखर नवं शिकताही येतं. 2017 मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमने कडेचं प्यादं समोरच्या राजाच्या अंगावर पुढे पुढे ढकलून डाव जिंकले, आणि ग्रँडमास्टरांनी ती कल्पना उचलली. त्यांना ती उचलता आली, कारण काय नवं आहे हे ओळखण्याइतकी नजर त्यांच्याकडे आधीच होती.

दोन-तीन दिवसांनी त्या तीन जागा पटावर पुन्हा लावा आणि इंजिन बंद ठेवून सोडवा. जिंकायला हवी होती ती स्थिती इंजिनविरुद्ध खेळून जिंकून दाखवा. नाही जमलं तर पुन्हा लावा.

स्पर्धेच्या दिवशी मोबाइल हॉलच्या बाहेरच राहू द्या, खिशात सापडला तर डाव जाऊ शकतो. पालकांनी दोन फेऱ्यांच्या मधे आकडा सांगू नये. मुलाला खायला द्या, पाणी द्या, पाच मिनिटं बाहेर हिंडवून आणा आणि पुढचं पेअरिंग लागलं का ते बघा. स्कोअरशीट घडी घालून पिशवीत ठेवा, संध्याकाळी घरी काढा.