खुराड्याला थंडीवारा लागू नये म्हणून: खालून बंद, वरून उघडं

थंडी वाढली की परसातल्या कोंबड्यांची काळजी वाटू लागते आणि पहिला हात जातो तो प्लॅस्टिकच्या कागदाकडे. चारही बाजू गुंडाळल्या, फटी बुजवल्या, वरून गोणपाट टाकलं, झाला बंदोबस्त! हिवाळ्यात कोंबड्या आजारी पडतात त्या बऱ्याचदा या बंदोबस्तापायीच. खुराडं झाकायचं जरूर, पण ते कुठे झाकायचं आणि कुठे मोकळं ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं.

कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ती पिसं फुलवते तेव्हा पिसांच्या थरांत हवा अडकते आणि ही अडकलेली हवाच तिला ऊब देते. अंगभर पिसं आलेली, पोटभर खाल्लेली, कोरडी कोंबडी बरीच थंडी सोसते. तिला सोसवत नाही तो पिसं उचकटून आतली ऊब पळवणारा वारा, आणि दुसरी म्हणजे ओल. ताज्या विष्ठेत सुमारे 75 टक्के पाणी असतं, शिवाय रात्रभर श्वासातून वाफ निघत असते. खुराडं गच्च बंद असेल तर ही वाफ गार पत्र्याला लागून तिचे थेंब होतात आणि पहाटे कोंबड्यांच्या पाठीवर टपकतात. दमट हवेत तुऱ्याला थंडीचा चटका लवकर बसतो आणि विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाने डोळे नि छाती धरते. म्हणून वाऱ्याला खाली अडवायचं आणि वाफेला वरून वाट द्यायची. पुढची सगळी कामं याच हिशोबाने करायची.

वारा नेमका कुठून शिरतो?

वारा सुटलेला असताना संध्याकाळी खुराड्यात बसून पाहा. कोंबडीचंच एखादं हलकं पीस बारीक दोऱ्याला बांधा आणि कोंबड्या रात्री बसतात त्या उंचीवर सावकाश फिरवा. जिथे पीस एका बाजूला ताणून फडफडतं तिथे फट आहे. दाराची चौकट, अंड्यांच्या पेटीचं झाकण, पत्रा नि भिंत यांच्यामधली जागा आणि फळ्यांचे सांधे नीट तपासा. सापडलेल्या फटी लाकडी पट्टी ठोकून बंद करा. चिंध्या कोंबू नका, त्या ओल धरतात आणि उंदीर त्या ओढून नेतात. तेच पीस पुढे आढ्याजवळ नेलं तर तिथे मात्र ते हलकं डुलायला हवं. तसं डुलत असेल तर वाफेचा रस्ता मोकळा आहे.

पडदा खालून वर चढवा

जाळीच्या बाजूंना हिवाळ्यात पडदा लागतोच. जाड ताडपत्री किंवा शिवून जोडलेली गोणपाटं चालतात. आपण सवयीने पडदा वरून खाली सोडतो आणि गडबड होते ती तिथेच: वरची बाजू बंद होते, खालची फडफडत राहते, आणि वारा थेट कोंबड्यांच्या अंगावर येतो. पडद्याची खालची कड चौकटीला पट्टी ठोकून पक्की करा आणि वरची कड दोरीने ओढून वर चढवा. दिवसा ऊन आलं की दोरी सैल करायची, म्हणजे पडदा वरून उघडत खाली येतो. रात्री चढवतानाही आढ्याखाली वीतभर जागा मोकळी सोडायची. ही मोकळी जागा बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा बरीच वर असली पाहिजे, आणि तिला बारीक, मजबूत जाळी हवी, कारण मुंगूस किंवा रानमांजराला एवढी वाट पुरते.

वाऱ्याच्या बाजूची वरची फट वादळी रात्री बंद केली तरी चालेल, समोरची मात्र उघडीच ठेवा. पडद्याच्या मधोमध एक-दोन आडव्या दोऱ्या बांधून घ्या, नाहीतर तो रात्रभर आपटत राहतो आणि कोंबड्या बिथरतात.

बाहेरूनही वारा तोडता येतो. खुराड्यापासून थोड्या अंतरावर काटक्यांचं, कडब्याचं किंवा शेडनेटचं कुंपण उभं करा. ते पूर्ण भरीव नको, साधारण निम्मी जागा मोकळी असू द्या. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे घेत खाली येतो, तर विरळ कुंपणातून तो गाळून मंद होतो. खुराडं खांबांवर उभं असेल तर वाऱ्याकडची खालची बाजूही झाका. फळ्यांच्या जमिनीतून वर येणारं गारठ पटकन लक्षात येत नाही.

गादी

जमिनीवर लाकडाचा भुसा, भाताचं तूस किंवा बारीक केलेला कोरडा पाला पसरा. हिवाळ्याच्या सुरुवातीला किमान 15 सेंटीमीटरचा थर द्या आणि पुढे दर आठवड्याला थोडी भर घालत जा. ही गादी जमिनीचा गारवा अडवते, ओल शोषते, आणि खालच्या थरात कुजण्याची क्रिया सुरू झाली की स्वतःही थोडी ऊब देते. त्यासाठी ती हलती राहायला हवी. मूठभर दाणे गादीवर फेकले की कोंबड्याच ती उकरून देतात.

ओल तपासायला मूठभर गादी घट्ट दाबा आणि हात उघडा. सैल होऊन विखुरली तर छान. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. तो भाग काढून कोरडा भुसा घाला आणि ओल छतातून, भांड्यातून की पडद्यातून येते ते शोधा. सकाळी दार उघडून वाकल्यावर नाकाला झोंबलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी वरची फट वाढवा. आपण उभ्याने वास घेतो, कोंबडी त्या गादीलगत श्वास घेते, म्हणून वाकूनच पाहा.

रात्रीची दांडी

दांडी गोल आणि बारीक असेल तर बोटं तिला वेढून उघडी राहतात. साधारण 5 ते 10 सेंटीमीटर रुंद, कडा घासलेली सपाट पट्टी बसवली की कोंबडी पायांवर पोट टेकते आणि बोटं पिसांखाली जातात. थंडीच्या दृष्टीने ही छोटी सुधारणा फार कामाची आहे. लोखंडी पाइप टाळा. एका कोंबडीला 20 ते 25 सेंटीमीटर जागा धरा. त्या तशाही एकमेकींना चिकटून बसतील.

पाणी आणि दाणा

पाण्याचं भांडं रात्री खुराड्याबाहेर काढा. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत आणि सांडलेलं पाणी गादी भिजवतं. सकाळी कोमट पाणी द्या. पाणी फार गार असेल किंवा गोठलं असेल तर कोंबडी कमी पिते, आणि पाणी कमी झालं की दाणाही कमी जातो. अंगात ऊब राखायला तिला थंडीत नेहमीपेक्षा जास्त खाणं लागतं. रोजचं खाद्य पोटभर ठेवून संध्याकाळी वर मूठभर मक्याचे भरडलेले दाणे द्या, ते रात्रभर पचत राहतात. नुसत्या मक्यावर भागवू नका, प्रथिनं कमी पडतात.

हिवाळ्यात अंडी घटली म्हणजे कोंबडीला थंडी बाधली असं लगेच धरू नका. दिवस लहान होणं हे त्याचं मोठं कारण आहे, आणि पिसं झडून नवी येत असतील तर अंडी थांबतातच.

दिवा लावावा का?

मोठ्या, निरोगी कोंबड्यांना लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरडा भुसा, उडणारी पिसं, धूळ आणि तापलेला दिवा एकत्र आले की आगीला वेळ लागत नाही. शिवाय उबेची सवय लागलेल्या कोंबड्यांना मध्यरात्री वीज गेली तर अचानक गारठा सोसावा लागतो.

पिल्लांची गोष्ट निराळी. त्यांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण 3 अंशांनी कमी करत न्यायची असते. अंगभर पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात, तोवर त्यांना थंडीत मोठ्यांच्या खुराड्यात सोडू नका. दिवा साखळीने आणि तारेने, दोन ठिकाणी टांगा. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना ऊब कमी पडते आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली असतील तर जास्त होते आहे. सगळीकडे विखुरलेली दिसली की बरोबर आहे असं समजा.

रोज सकाळी काय पाहायचं

तुऱ्याची टोकं आणि चोचीखाली लोंबणारी लाल कातडी पाहा. ती फिकट पांढरट, कडक वाटली तर थंडीचा चटका बसला आहे. तिथे चोळू नका आणि शेकूही नका, कोंबडीला कोरड्या, कमी गार जागेत हलवा. काळं पडलेलं टोक ओढून काढू नका, ते आपोआप गळतं. कोंबडी एका पायावर उभी असेल तर काळजी नको, दुसरा पाय ती पोटाशी ऊब घेत ठेवते. पण दिवस वर आला तरी पिसं फुगवून कोपऱ्यात बसणारी, दांडीवरून न उतरणारी किंवा श्वासात घरघर असलेली कोंबडी लगेच वेगळी काढा आणि पशुवैद्यकाला दाखवा.