पद्मिनीच्या कार्बोरेटरला किट टाकलं, तरी स्लो धरत नाही? या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार स्लोवर (म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता) बंद पडायला लागली, पिकअपला अडखळली, की लगेच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उतरवला जातो. पहिली चूक तीच. टॅपेट, पॉइंट, प्लग, टायमिंग हे सगळं आधी बघा. गाडी फक्त घाटात, तापल्यावरच मरत असेल तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपात वाफ धरत असेल. टॅक्सीवाले या पंपावर ओलं फडकं टाकायचे ते उगाच नाही.

उतरवलाच तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी नळीत, तार घालू नका. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास: १२० म्हणजे १.२० मिमी. पितळ मऊ असतं. तारेने भोक वाढलं की ॲव्हरेज गेलंच. क्लीनर मारा आणि कॉम्प्रेसरची हवा द्या, पुरे.

दुरुस्तीच्या किटमध्ये पॅकिंग, डायफ्रॅम, निडल मिळतात. झिजलेला थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे ॲक्सिलरेटरने फिरणारा हवेच्या झडपेचा दांडा, तसाच राहतो. आणि इतक्या जुन्या गाडीत खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. स्पिंडलचं टोक बोटात धरून वर-खाली हलवा. खटखट लागली तर तिथून हवा आत जातेय, मग मिक्स्चर स्क्रू दिवसभर फिरवा, स्लो बसणार नाही. खात्री हवी असेल तर इंजिन स्लोवर ठेवून स्पिंडलच्या टोकाशी दोन थेंब तेल सोडा. क्षणभर आवाज सुधारला की चोर सापडला. उपाय म्हणजे चांगल्या लेथवाल्याकडून बॉडीत पितळी बुश बसवून घेणे. दोन्ही बुश एका रेषेत हवेत, नाहीतर थ्रॉटल अडकतो आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी पळत राहते.

कार्बोरेटरच्या बुडाचे नट दात-ओठ खाऊन आवळले की बुडाची पट्टी (फ्लँज) वाकते, आणि पुन्हा हवा आत जाते. जाड काचेवर ठेवून तपासा. सिलिकॉन तर अजिबात फासू नका. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये जातात.

पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल वाजलं तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. आतलं पेट्रोल पूर्ण सुकल्याशिवाय डाग (सोल्डर) देऊ नका, भडका उडेल. निडलखालचा वॉशर जुन्याच जाडीचा टाका. पातळ बसला तर पेट्रोलची पातळी वर जाते आणि कार्ब ओव्हरफ्लो होतो.

दुकानदाराच्या खणात वर्षानुवर्षं पडलेलं किट स्वस्त मिळतं. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्यातलं रबर टिकेलच असं नाही. नवा कार्ब घेतलात तरी जुना भंगारात देऊ नका, आधी दोघांचे जेट ताडून पाहा.

सेटिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने टेकवा, दीड फेरा उघडा आणि तिथून सुरुवात करा. जोर लावलात तर टोकाला खाच पडते. त्याआधी कार्बवरचा चोकचा लिव्हर पूर्ण मागे जाऊन चोक सुटतोय का ते डोळ्यांनी बघा. केबल थोडी जरी अडकली तरी मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) राहतं, आणि शिव्या बिचाऱ्या जेटला बसतात.