चॅट लॉगिन अडलं, कारण निघालं तारखेत

सिडकोतल्या मामांच्या जुन्या पीसीवर नवी सिस्टीम टाकली, तर चॅटचं लॉगिनच होईना. पासवर्ड बरोबर, नेट झकास, तरी 'सर्टिफिकेट अवैध', म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र चालत नाही, हाच घोषा. "अरे, जुनंच बरं होतं की!" मामा म्हणाले. कोपऱ्यातली तारीख पाहिली: 1 जानेवारी 2015! सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. पीसी 2015 मध्येच बसला तर आजचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख हाताने लावली, लॉगिन झालं. पण मेन स्विच बंद केला की पुन्हा 2015. म्हणजे वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल संपलेला. एम. जी. रोडवरून सीआर 2032 आणला, 3 व्होल्टचा, चपटा. आधी प्लग काढायचा, अधिकची खूण वर ठेवायची, मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख लावायची. मामांचा ग्रुप आता सकाळी सहालाच वाजतो.